जुनी बाग ‘पक्की’ करण्याचा तो मेसेज: सही करण्याआधी हे वाचा

‘संस्थानकाळातल्या बागा वाचवा’ असा एक मेसेज सध्या सांगली-मिरजेत फिरतोय. आता आमच्या मामांनी तो छापून त्यावर सह्या गोळा करायला घेतल्यात, म्हणून गप्प बसवत नाही. मागण्या अशा: बागेतल्या जुन्या इमारतींचा चुना खरवडून सिमेंटचा गिलावा करा, वर वॉटरप्रूफ रंग द्या, झाडांना गोल कट्टे बांधून बाकी सगळीकडे पेव्हर ब्लॉक बसवा, पोकळ झाडं तोडा, पालापाचोळा रोज जाळा, खर्चासाठी तिकीट लावा. हेतू चांगला असेल. पण पहिल्या तीन मागण्या मान्य झाल्या तर इमारत आणि झाडं दोन्ही हातची जातील.

‘चुना कच्चा, सिमेंट पक्कं’ हे त्यातलं सगळ्यात घातक वाक्य. जुन्या भिंतीच्या पायात ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल वर चढते आणि चुन्याच्या दरजांतून (दगड-विटांमधल्या सांध्यांतून), गिलाव्यातून बाहेर पडून सुकते. काळ्या पाषाणातून पाणी फारसं जात नाही, त्यामुळे सगळी मदार दरजांवर. त्या सिमेंटने बुजवल्या की ओल आत कोंडते, आणखी वर चढते, विटांना लोणा (क्षार) लागतो आणि विटेचं तोंड पापुद्र्यांनी झडायला लागतं. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत रोवलेली तुळयांची टोकं कुजतात. बाहेर रंग चकचकीत, आत लाकडाचा भुगा. आणि ते कळतं छत खचल्यावर.

‘सिमेंटमधून पाणी झिरपत नाही’ हे अर्धं खरं आहे. पण जुनी भिंत ऊन-पावसात किंचित हलते. चुना ते सोसतो, सिमेंटला केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पाणी आत शिरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट राहत नाही. सांगलीकरांना तर हे वेगळं सांगायची गरज नसावी. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. पुरात भिजलेली दोन फुटी भिंत दोन्ही अंगांनी उघडी ठेवली तरी सुकायला वर्षभर लागू शकतं. तिच्यावर सिमेंट आणि वॉटरप्रूफ रंग चढवणं म्हणजे ती कायमची ओली ठेवणं.

मागायचंच असेल तर हे मागा. सिमेंटच्या जुन्या दरजा छिन्नी-हातोडीने काढायच्या. ग्राइंडर लावला की दगडाची कड उडते. दरजेच्या रुंदीच्या दुप्पट, निदान २० ते २५ मिलिमीटर खोल साफ करून पाण्याने धुवायचं. कळीचा चुना विझवून, चाळून, काही आठवडे पाण्याखाली मुरवलेला हवा. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू. ओलीच्या जागी वाळूतला एक भाग कमी करून विटेची सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची भुकटी. काम थंडीत काढायचं आणि आठवडाभर तरी ओलं गोणपाट टांगायचं, कारण चुना झपाट्याने वाळला की भुसभुशीत होतो. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी मिळतात, हे कबूल. म्हणूनच निविदेत एक चौरस मीटरचा नमुना आधी करून दाखवायची अट हवी.

आता पेव्हर ब्लॉक. ते बसवायला जमीन खोदून, रोलर फिरवून, खडी आणि कच घालून दाबतात. झाडाची अन्नपाणी शोषणारी बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत असतात, म्हणजे नेमकी तीच तुटतात, चेपतात. कट्ट्यात माती भरली की बुंध्याची साल सतत ओली राहून सडते. सांगलीच्या आमराईसारख्या जुन्या बागेत वळवाच्या वाऱ्यात झाड उन्मळलं की दोष झाडाच्या वयाला दिला जातो. आधी कर्बसाठी, म्हणजे वाटेच्या कडेच्या दगडांसाठी, चर कुठून खणला होता, ते कोणी बघत नाही. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. दिल्लीत जे उखडायला लावलं, ते आपण पैसे मोजून बसवायचं?

मुरमाच्या वाटेवर पावसात म्हातारी माणसं घसरतात, व्हीलचेअर रुतते, ही तक्रार मात्र रास्त आहे. त्यासाठी झाडांच्या फांद्यांच्या घेराबाहेरून एक सलग पक्की वाट करा, पायऱ्यांच्या जागी १:१२ चा (बारा फुटांत एक फूट चढणारा) उतार द्या. सगळी बाग फरसबंद कशाला?

पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड नव्हे. बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची निरोगी कड सगळीकडून शिल्लक असेल तर ते बहुधा उभं राहतं, हा ठोकताळा. खरा धोका ओळखायचा तो बुडाशी उगवलेल्या भूछत्रांवरून आणि झुकावाच्या उलट बाजूला उचललेल्या, तडकलेल्या मातीवरून. शिवाय महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनं झाड वारसा वृक्ष ठरतं. सह्यांच्या कागदावर ते तोडता येत नाही.

पाला जाळू नका; आळ्यात दोन-तीन इंच पसरा, बुंध्यापासून वीतभर लांब. उरलेला खड्ड्यात कुजवा.

तिकिटाला माझा सरसकट विरोध नाही, फिरायला येणाऱ्यांना सूट असली तर. पण तो पैसा आधी कौलांवर, पन्हळींवर आणि पायाभोवतीच्या गटारांवर खर्च व्हावा, आणि तोही मे संपायच्या आत. तुंबलेल्या पन्हळीचं पाणी पावसाळाभर एकाच जागी भिंतीवर पडत राहिलं, तर चुना असो की सिमेंट, ती भिंत ढासळणारच.