मेव्हिस स्टेपल्स आणि आमची बंद खिडकी

येत्या डिसेंबरात आमच्या शाळेच्या बॅचचा स्नेहमेळावा आहे, नाशकात. संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम ठेवायचा ठरलं आणि कुणीतरी सिन्नरकडच्या एका जुन्याजाणत्या गायकाचं नाव सुचवलं. सत्तरी ओलांडलेले, उभं आयुष्य गावोगाव गाऊन काढलेले. कल्पना सगळ्यांना आवडली. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं पटापट ठरलं. मग ग्रुपवर एक ओळ आली: ‘अभंग, गवळणी, लोकगीतं म्हणू देत. भीमगीतं नकोत, उगाच राजकारण होतं.’ तिच्याखाली अंगठ्यांची रांग लागली.

मी शिकागोजवळ राहतो, एकोणीस वर्षं झाली. ती ओळ वाचली आणि मला याच शहराच्या गायिका मेव्हिस स्टेपल्स आठवल्या.

त्यांचा जन्म 1939 चा, शिकागोचाच. वडील रोबक स्टेपल्स, ज्यांना सगळे पॉप्स म्हणत, मिसिसिपीतल्या कापसाच्या मळ्यांतून इथे आले. दिवसा मिळेल ते कष्टाचं काम, कधी जनावरांच्या कत्तलखान्यात, कधी बांधकामावर. संध्याकाळी मुलांना जमिनीवर गोल बसवून, गिटार हातात घेऊन, एकेकाला त्याचा सूर लावून द्यायचा. 1948 च्या सुमारास हे कुटुंब चर्चमधून गायला लागलं. 1956 ची त्यांची पहिली गाजलेली रेकॉर्ड ऐकली की अंगावर काटा येतो. इतका खर्जातला आवाज, आणि गाणारी मुलगी सतरा वर्षांची. रेडिओवर ऐकणाऱ्यांना वाटायचं, कुणी पुरुष गातोय.

एका उन्हाळ्यात मी त्यांना उघड्या मैदानावर ऐकलं. उंची अगदी कमी. दोन गाण्यांच्या मध्ये त्या मागे खुर्चीवर बसल्या, टॉवेलनं मान पुसली, पाण्याचा एक घोट घेतला आणि वादकांकडे बघत मान डोलावत राहिल्या. मग उठल्या, माईक दोन्ही हातांनी धरला आणि गाण्याआधी सांगायला लागल्या, की मी तिथे होते, मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबरोबर आम्ही चाललो आहोत. माझ्या पुढे चटईवर बसलेलं कुटुंब डबा उघडत होतं. ते थांबले. गाणं सुरू झालं तेव्हा त्यातली आजी डोळे मिटून बसली होती.

त्या कुठल्या दिवसांबद्दल बोलत होत्या, ते सांगायला हवं. ते दिवस अमेरिकेतल्या काळ्यांच्या नागरी हक्कांच्या चळवळीचे, आणि किंग तिचे नेते. पॉप्सनी अलाबामातल्या मॉन्टगोमेरीच्या चर्चमध्ये किंग यांचं प्रवचन ऐकलं आणि मुलांना सांगितलं, की हे जर यांना प्रवचनात सांगता येतं, तर आपल्याला ते गाता येईल. 1957 मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉक शहरात नऊ काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत शिरू देत नव्हते, राज्यपालानं सैनिक उभे केले होते. ते दृश्य टीव्हीवर पाहून पॉप्सनी ‘व्हाय ॲम आय ट्रीटेड सो बॅड’ हे गाणं लिहिलं. मला असं का वागवता, एवढा साधा प्रश्न. किंग यांचं ते आवडतं गाणं झालं, सभेआधी ते मागून घ्यायचे. 1965 मध्ये काळ्यांच्या मतदानाच्या हक्कासाठी सेल्मा ते मॉन्टगोमेरी मोर्चा निघाला, त्यासाठी ‘फ्रीडम हायवे’ आलं आणि ते शिकागोतल्या एका चर्चमध्येच, लोकांच्या टाळ्यांसकट, रेकॉर्ड झालं.

याची किंमत त्यांनी मोजली. मेम्फिसजवळ एका पेट्रोल पंपावर मेव्हिस यांनी फक्त पावती मागितली. पंपावरचा माणूस शिवी देऊन बोलला, पॉप्स मध्ये पडले, आणि पुढे पोलिसांनी कुत्र्यांसह गाडी अडवून बापलेकरांना बेड्या घातल्या. पावती मागितली म्हणून!

आता आमच्या ग्रुपवर जे म्हणतात, ‘गायकानं गावं, बाकी बोलू नये,’ त्यांना मला विचारायचंय, या आवाजातून नेमकं काय काढून टाकायचं? कत्तलखाना काढला, पंपावरची बेडी काढली, लिटल रॉकची मुलं काढली, तर तो खर्ज कुठून येणार? गंमत म्हणजे या कुटुंबाला उलट बाजूनंही हेच ऐकावं लागलं. 1972 मध्ये ‘आय’ल टेक यू देअर’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं, तेव्हा चर्चमधली मंडळी रागावली, की देवाची गाणी सोडून सैतानाची गायला लागले. मेव्हिस यांचं म्हणणं असं, की सैतानाकडे कुठलं संगीत? संगीत सगळं देवाचंच.

त्याच 1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव थेट अमेरिकेतल्या काळ्यांच्या ब्लॅक पँथर संघटनेवरून घेऊन. त्याच्याही आधी, 1946 मध्ये, बाबासाहेबांनी काळ्यांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य मांडलं होतं. म्हणून ही तुलना मी ओढूनताणून करत नाहीये.

भीमगीतं लिहिणारे आणि गाणारे, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक. जन्म 1922, अक्षरओळख मोठेपणी झालेली, आणि लिहिलेली गाणी हजारांच्या घरात. आमच्या घरापासून त्यांचं गाव तासाभराच्या अंतरावर. तरी त्यांचं गाणं मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते शिकागोत, हेडफोन लावून, बर्फात गाडी अडकली असताना. लहानपणी 14 एप्रिलची मिरवणूक आमच्या गल्लीच्या तोंडावरून जायची आणि आई रस्त्याकडची खिडकी लावून घ्यायची. आवाज फार होतो, म्हणायची. गणपतीच्या मिरवणुकीला तीच खिडकी उघडी असायची. मला त्यातला फरक कळायला चाळिशी यावी लागली आणि परका देश लागला, याचं मला वाईट वाटतं.

इथे सगळं छान आहे असंही नाही. 2000 साली पॉप्स गेले, त्यानंतर मेव्हिस यांच्याकडे रेकॉर्ड कंपनी नव्हती. साठी ओलांडलेल्या या बाईंनी स्वतःचे पैसे घालून अल्बम केला, तो 2004 मध्ये आला. आपल्याकडे निदान वृद्ध कलावंतांना सरकारी मानधनाची योजना आहे. तिच्यातले पैसे थोडे आणि खेटे फार असले, तरी आहे. इथे म्हाताऱ्या गायकाचं पोट रॉयल्टीवर आणि कार्यक्रमांवर. आणि कलावंतांसाठीचा केनेडी सेंटरचा मोठा सन्मान मेव्हिस यांना मिळाला 2016 मध्ये, जेव्हा किंग सगळ्यांचेच झाले होते, त्यांना कुणी घाबरत नव्हतं. ज्यांनी बेड्या घातल्या त्याच देशानं पदक घातलं. आपणही अण्णाभाऊंच्या बाबतीत वेगळं काय केलं? पुतळे उभारले, पण चिरागनगरच्या झोपडपट्टीत ते जगत होते तेव्हा आपण कुठे होतो?

पण एक गोष्ट मला इथे दिसली आणि ती मला नाशकात दिसायला हवी आहे. मेव्हिस यांना बोलावणारे त्यांना गाण्यांची यादी देत नाहीत. 2008 मध्ये शिकागोतल्या हाइडआउट नावाच्या छोट्याशा बारमध्ये त्या गायल्या, ते रेकॉर्डिंग ओबामा निवडून आले त्याच दिवशी बाजारात आलं. त्यात बहुतेक चळवळीचीच गाणी आहेत. 85 ओलांडल्यावरही त्या नवा अल्बम करतात, फी घेतात, आणि काय गायचं ते स्वतः ठरवतात. सत्कारमूर्ती करून त्यांना कुणी खुर्चीत बसवून ठेवलेलं नाही.

शाल पांघरायची आणि त्याच हातानं तोंडावर बोट ठेवायचं, याला मी सत्कार म्हणणार नाही. त्या गायकाच्या गावातल्या गवळणी आपल्याला हव्या, भजन हवं, ढोलकी हवी, आणि ज्या गाण्यांनी त्याच्या माणसांना ताठ मानेनं चालायला शिकवलं तेवढी नकोत, हे कसं चालेल? आमच्या बॅचमध्ये त्या मिरवणुकीत चालणाऱ्या घरांतली मुलंही होती. ग्रुपवर त्यांच्यातलं कुणीच काही बोललं नाही. त्या ओळीखाली त्यांचा अंगठाही नव्हता.

मी माझी वर्गणी पाठवली आहे, ठरल्यापेक्षा दुप्पट, आणि सोबत लिहिलंय की जास्तीचे पैसे त्यांच्या बिदागीत घाला. मानपत्र नसलं तरी चालेल. काय गाणार, ते फोन करून त्यांनाच विचारा.