बिनडाग सोनं मागणाऱ्या भगिनींसाठी

परवा रात्री साडेनऊला मिरजेहून आत्याचा फोन. "अगं, उद्या बोरमाळ मोडायला नेतेय. तिच्यात डाग निघालेत." मला वाटलं, कपाटात काहीतरी सांडलं असेल. तर म्हणे, "तसला डाग नव्हे. खोट! तुला मेसेज पाठवलाय, तो वाच आधी."

झालं होतं असं. बोरमाळेचा फासा सैल झाला म्हणून ती सोनाराकडे गेली होती. तो म्हणाला, "जुना डाग सुटलाय, नवा द्यावा लागेल." घरी येते तर भिशीच्या ग्रुपवर हा मेसेज हजर. त्याचा सारांश असा: दागिन्यात डाग असेल तर सोनं अशुद्ध समजा. डाग दिलेला दागिना काळा पडतो. चोख सोन्याला डाग लागतच नाही. म्हणून बिनडाग, म्हणजेच केडीएम दागिना मागा. केडीएम ही शुद्धतेची सरकारी खूण असून हॉलमार्कच्याही वरची आहे. खाली हात जोडलेली तीन चित्रं आणि "प्रत्येक भगिनीपर्यंत पोहोचवा."

आजीची बोरमाळ त्या तीन चित्रांपायी मुशीत जाणार होती, म्हणून हे लिहिणं.

आधी शब्दाचं बघू. मराठीत डाग एक नाही. शर्टावर पडतो तो डाग. चारित्र्यावर लागतो तोही. गुरांना तापल्या सळईने देतात तो डाग, चितेला देतात तो अग्निडाग. अंगावरच्या दागिन्यालाही डाग म्हणायची पद्धत आहे. हमाल "किती डाग आहेत?" विचारतो तेव्हा त्याला बोचकी मोजायची असतात, कपडे धुवायचे नसतात. आणि सोनार, तांबट, भांडी दुरुस्त करणारा म्हणतो तो डाग म्हणजे धातूला धातू जोडणारा सांधा, किंवा त्या सांध्यासाठी वितळवायचा धातू. इंग्रजी सोल्डरचं काम करणारा आपला शब्द. मेसेज लिहिणाऱ्याने सोनाराचा डाग उचलला आणि शर्टाचा अर्थ चिकटवला. घराची डागडुजी काढली म्हणून कोणी भिंतीला कलंक लागला असं समजत नाही.

डाग देताना एकदा तरी शेजारी बसून बघावं. सोनार टाकणखार (बोरॅक्स) पाण्यात घासतो, कुंचल्याच्या टोकाने फटीवर लावतो, वर डागाचा तिळाएवढा तुकडा ठेवतो आणि फुंकणीने ज्योत वळवतो. टाकणखार आधी पापडासारखा फुगतो, मग काचेसारखा पातळ होतो. आणि एका क्षणी तो तीळ चमकून फटीत ओढला जातो, दिसेनासाच होतो. हे जमतं कारण डागाचा धातू दागिन्याच्या आधी वितळतो. चोख सोनं वितळायला 1064 अंश सेल्सिअस लागतात. 22 कॅरेटचं त्याच्या थोडं आधी वितळतं आणि डाग त्याच्याही आधी वितळावा लागतो. तो लवकर वितळावा म्हणून त्यात दुसरे धातू मिसळतात. साखळीची कडी न् कडी, मंगळसूत्राच्या वाटीवरची कडी, बहुतेक ठिकाणी हेच. बिनडागाची साखळी हवी असेल तर सुतळी घाला.

आता या मेसेजातला खरा विनोद. केडीएम म्हणजे बिनडाग, असं तो म्हणतो. अहो, केडीएम हे डागाचंच नाव आहे! 92 भाग सोनं आणि 8 भाग कॅडमियम नावाचा धातू असा तो डाग, आणि ही तीन अक्षरं कॅडमियमवरून आलेली. म्हणजे "बिनडाग हवं, म्हणून केडीएम द्या" हे "मला कांदा चालत नाही, भजी द्या, पण कांद्याचीच द्या" असं मागण्यासारखं आहे.

अर्धं खरं मात्र त्यात आहे, ते नाइलाजाने मान्य करते. पूर्वीच्या डागात तांबं-चांदी बरीच असायची. दागिना 22 कॅरेटचा आणि सांधे हलके, मग मोडताना आटवलं की एकूण कस उतरायचा आणि घट कापली जायची. केडीएमच्या डागात सोनंच 92 टक्के, म्हणून कस उतरत नसे. पेढ्यांच्या पाट्यांवर 'केडीएम' झळकू लागलं ते यामुळे. पण ती ग्वाही फक्त सांध्याची. कडी 18 कॅरेटची असली तरी तिला केडीएमचा डाग देता येतो. त्याने कडी 22 ची होत नाही.

हसू इथे संपतं. कॅडमियम 767 अंशांना उकळतो आणि डाग द्यायच्या ज्योतीत त्याची वाफ होते. ती जाते कुठे? फुंकणी तोंडात धरून वीतभर अंतरावर वाकलेल्या कारागिराच्या छातीत. हा धूर लागला की त्रास लगेच कळतोच असं नाही. काही तासांनी खोकला, ताप, छाती भरून येणं सुरू होतं. वर्षानुवर्षं घेतला तर मूत्रपिंडं जातात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1993 मध्येच कॅडमियमला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. युरोपीय संघाने 2011 च्या नियमाने दागिन्यातलं कॅडमियम वजनाच्या 0.01 टक्क्यावर आणून ठेवलं. आणि आमच्या भगिनी काउंटरवर केडीएमच मागणार! (याच्या उलट टोकाचा एक मेसेजही फिरतो: केडीएमची अंगठी घातली की कॅन्सर. घरच्या जुन्या अंगठीने घाबरून जाऊ नका. मोठा धोका धुराचा आहे, तो बनवणाऱ्याला.)

सरकारी खूण म्हणाल, तर केडीएम नावाचा शिक्का भारतीय मानक ब्युरोच्या हॉलमार्कात नाहीच. हॉलमार्क जून 2021 पासून 256 जिल्ह्यांत सक्तीचा झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून त्यात तीनच खुणा चालतात: ब्युरोचं चिन्ह, शुद्धता (22 कॅरेटला 916) आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा क्रमांक. तो क्रमांक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. या शिक्क्यामागे कस तपासलेला असतो. केडीएममागे दुकानदाराचा शब्द, बस.

काळा पडतो? सांध्याशी थोडा पडतो कधी कधी, डागातल्या तांब्या-चांदीमुळे. चोख सोन्याला डाग लागत नाही? लागतो की. फक्त 24 कॅरेटचा दागिना इतका मऊ की दोन दिवाळ्यांत वाकतो.

सकाळी आत्याला फोन केला तेव्हा बोरमाळ पिशवीत आणि पायात चपला होत्या. मी म्हटलं, कस बघायचाच असेल तर हॉलमार्किंग केंद्रात ने. 2022 पासून आपल्यालाही तपासून देतात. तेव्हा चार नगांपर्यंत मिळून 200 रुपये घेत. मोडू मात्र नकोस. फाशाला डाग देऊन आण, आणि डाग कॅडमियमचा आहे का ते विचार.

"त्याला राग नाही का यायचा?"

"येऊ दे. त्याच्याच छातीसाठी विचारतेयस."

"बरं," ती म्हणाली. "मग ग्रुपवर काय लिहू? मीच काल पुढे पाठवलाय तो. अठ्ठावीस जणींना."