कबुलीनंतरच खरी धाकधूक

नायक मॅक्झिमने पहिली बायको रिबेका हिच्या खुनाची कबुली दिल्यावर डॅफ्नी ड्यू मॉरिएची ‘रिबेका’ ही कादंबरी ढेपाळते, हे तुमच्या लेखातलं मत अजिबात पटलं नाही. 27 प्रकरणांपैकी ही कबुली 19-20व्या प्रकरणात येते, ती मुद्दामच. तोवर प्रश्न असतो ‘काय घडलं?’, पुढे होतो ‘हा पकडला जाईल का?’ आणि वाचक चक्क खुन्याच्या बाजूने श्वास रोखून बसतो! रिबेकाच्या मृत्यूच्या चौकशीत बोटी बांधणारा टॅब सांगतो की तिच्या बुडालेल्या बोटीच्या तळाच्या फळ्यांना भोकं आतून पाडलीत, पाणी आत घेणारे कॉकही उघडे. निष्कर्ष निघतो आत्महत्येचा. मग तिचा प्रियकर फॅव्हेल तिनेच लिहिलेली, आत्महत्येवर शंका आणणारी चिठ्ठी घेऊन उगवतो. (हिचकॉकच्या 1940च्या चित्रपटात तर सेन्सॉरच्या नियमांपायी खुनाचा अपघातच करावा लागला.) रिबेकाला तपासलेल्या डॉक्टर बेकरचं निदान कळेपर्यंत पुस्तक खाली ठेवून दाखवा.