एकवीस क्विंटलची बोट

मिनेसोटात राहायला आलं की पहिल्या वर्षी लोक थंडीबद्दल विचारतात आणि दुसऱ्या वर्षी बोटीबद्दल. इथे गाड्यांच्या नंबरप्लेटवरच '10,000 तळी' असं छापलेलं असतं. प्रत्यक्षात दहा एकर आणि त्याहून मोठी तळी मोजली तर ती 11,842 भरतात. स्वतःची टिमकी वाजवताना आकडा कमी सांगणारी माणसं मी आजवर दुसरीकडे कुठे पाहिलेली नाहीत.

मी सांगलीकडचा. पाण्याशी आमचा संबंध कृष्णेच्या पुरापुरता. त्यामुळे अकरा वर्षं मी बोटीचा विषय हसून टाळला. बाराव्या वर्षी ऑफिसातल्या नागपूरकर मित्राने गाठलं आणि आम्ही दोघांत मिळून एक 20 फुटी जुनी बोट घेतली. घेताना सगळा विचार केला होता. इंजिनाचे तास पाहिले, सीटा फाटल्यात का पाहिलं, बोटीचं नाव काय ठेवायचं यावर दोन शनिवार घालवले. ती पाण्यापर्यंत जाणार कशी, एवढंच राहून गेलं.

तळ्यावर धक्क्याची जागा भाड्याने घ्यावी, तर त्या भाड्यात आमच्या गावी म्हशी आल्या असत्या. म्हणजे बोट राहणार आमच्या दारात आणि दर वेळी ट्रेलरवरून ओढत न्यायची. माझी हायलँडर पाच हजार पौंड ओढते. मित्राची सिएना साडेतीन हजार.

"मग होईल की तुझ्या गाडीने," बायको म्हणाली.

"बोट ट्रेलरसकट साडेचार हजाराच्या वर आहे. म्हणजे काठावर पास."

"तू इंजिनिअरिंगला कसा पास झालास?"

पण बोट पाण्यात सोडायच्या उतारावरचं शेवाळ आणि ओल डोळ्यांसमोर आली की पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा भरवसा वाटेना. थोडक्यात, एक मोठी गाडी घ्यायची ठरली. आता मोठी म्हणजे सबर्बनसारखी एसयूव्ही, की एफ-150 सारखा पिकअप? या एका प्रश्नाने आमच्या घरातले अडीच महिने खाल्ले.

नेमके तेव्हाच आई आणि अण्णा सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले होते. अण्णा आमच्या तालुक्यातल्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर 31 वर्षं होते. उसाची गाडी काट्यावर चढायच्या आधीच ते वजन सांगायचे आणि शेतकरी म्हणायचे, आता काट्यावर कशाला घालता? मी त्यांना लॅपटॉपवर पिकअपचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला.

"हा टेम्पो आहे."

"अण्णा, इथे याला पिकअप म्हणतात. 1977 पासून सगळ्यात जास्त खपणारा ट्रक आहे हा या देशात."

"असेल. म्हणजे सगळा देश टेम्पो चालवतो. पण गावात काय सांगू? पोरगा इंजिनिअर झाला, अमेरिकेला गेला आणि टेम्पो घेतला?"

पिकअपची बाजू मांडायला मी आई-अण्णांना घेऊन एका शोरूममध्ये गेलो. विक्रेता हसतमुख होता. त्याने मला पहिल्या मिनिटाला 'बॉस' केलं आणि दुसऱ्या मिनिटाला 13,000 पौंड ओढण्याचा आकडा तोंडावर फेकला. म्हणाला, मागे बोट लावलीय हे गाडीला कळणारसुद्धा नाही. अण्णांनी विचारलं, काय म्हणतोय? मी सांगितलं.

"न कळून कसं चालेल? बैलगाडी उलार झाली तर पहिलं कळतं ते बैलाला."

मग तिथेच, चकचकीत फरशीवर, अण्णांनी मला ट्रेलरशास्त्र शिकवलं. गाडीत ऊस मागच्या बाजूला जास्त भरला की जू वर उचललं जातं, ती गाडी उलार. पुढे जास्त भरला की तेच जू बैलांच्या मानेवर बसतं. चांगला गाडीवान थोडंसं वजन पुढे ठेवतो, मानेला कळेल पण मान मोडणार नाही इतकं. इंटरनेटवर मी तीन रात्री जे वाचत होतो तेच हे. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा हुकवर यायला हवा. कमी आला तर ट्रेलर हायवेवर शेपटी हलवायला लागतो, जास्त आला तर गाडीचं ढुंगण बसतं. इंग्रजीत याला 'जिभेचं वजन' म्हणतात. हे कळल्यावर अण्णांनी एकदा आईकडे पाहिलं आणि काही न बोलता मान हलवली.

हुकवरचं हे वजन गाडी ओढत नाही, वाहते. म्हणजे ते माणसांच्या आणि सामानाच्या खात्यात धरायचं. ड्रायव्हरच्या दाराच्या आत पट्टीवर एक पिवळा स्टिकर असतो: माणसं आणि सामान मिळून वजन कधीही अमुक पौंडांवर जाऊ नये. तेरा हजाराचा आकडा म्हणजे आपल्याकडचा सुपर बिल्ट-अप. तो भरायला विशिष्ट इंजिन, विशिष्ट अ‍ॅक्सल, कमीत कमी थाटमाट असं सगळं जुळून यावं लागतं, आणि ती गाडी शोरूमच्या आवारात कधीच उभी नसते. पिवळा स्टिकर हा कार्पेट एरिया. राहायचं तेवढ्यातच असतं.

मी पाहिलेल्या जुन्या सबर्बनच्या दारावर 1,640 होतं. अडीच टनांच्या गाडीला हे कमी वाटतं, पण चामड्याच्या सीटा आणि सनरूफ यांचं वजनही त्यातूनच जातं. आता हिशेब करायचा तर बोटीचं खरं वजन हवं. ते ज्यांच्याकडून घेतली त्या आजोबांनी सांगितलेलं होतं, पण अण्णांचा तोंडी वजनावर विश्वास नाही. आजोबा स्वतःच्या पिकअपने बोट पोचवायला आले, तेव्हा अण्णांनी त्यांना हातवारे करून हायवेवरच्या ट्रक स्टॉपवर नेलं आणि तिथल्या काट्यावर ट्रेलर उभा करायला लावला. 4,620 पौंड.

"म्हणजे किती?"

"एकवीस क्विंटल."

"एवढंच?" अण्णांचा चेहरा पडला. "एवढा ऊस दोन बैल ओढायचे. तुझ्या त्या सबर्बनला घोडे किती आहेत?"

"355."

यावर मी काही बोलू शकलो नाही.

हुकवरचं वजन घरच्या घरी मोजलं. बाथरूममधला वजनकाटा एवढा भार सोसत नाही, म्हणून अण्णांनी एक जाड फळी घेतली. तिचं एक टोक विटांवर, दुसरं टोक तीन फुटांवर वजनकाट्यावर. ट्रेलरचा दांडा विटांपासून बरोबर एका फुटावर फळीवर टेकवला. काटा म्हणाला 153. "तीनने गुण," अण्णा म्हणाले. 459.

वजनकाटा असा बाहेर आलाच होता, म्हणून मी सहज म्हटलं की माणसांचीही वजनं घेऊन टाकू. अंगण मिनिटभरात रिकामं झालं.

बोटीवर येणार आठ जण. आम्ही दोघं, दोन मुलं, आई-अण्णा आणि नागपूरकर जोडपं. मित्राने फोनवर स्वतःचं वजन 190 सांगितलं, मी मनातल्या मनात 210 धरलं. त्याच्या बायकोला विचारायची हिंमत झाली नाही, 135 टाकले. आई म्हणाली, मी तर काहीच खात नाही. तिचे 140. आता माझी बायको.

"आधी तुझं सांग."

"182. आता तुझं."

"ड्रायव्हिंग लायसन्सवर लिहिलंय ते लाव."

"ते लायसन्स आपण इथे आलो तेव्हाचं आहे. नूतनीकरण करताना तू आकडा बदललाच नाहीस."

"सरकारी कागद आहे. सरकारचा विश्वास आहे, तुझा नाही?"

125 टाकले. आठ जणांचे मिळून 1,107. हुकचे 459, लोखंडी बॉल आणि दांडीचे 20. 1,640 मधून उरले 54 पौंड. त्यात बर्फ भरलेला कूलर, आठ लाइफ जॅकेट, आणि आई जाईल तिथे नेते तो पाच ताळी डबा. खायचं काय आणि सोडायचं कोणाला, असा तो प्रश्न होता. मी पाहिलेल्या पिकअपमध्ये तो उद्भवतच नाही, कारण आत बसतातच पाच. उरलेल्या तिघांसाठी सिएना न्यायची, म्हणजे मग एवढी मोठी गाडी घ्यायची कशाला?

मधे गॅरेज आलं. थंडीत इथे गाडी बाहेर ठेवली तर सकाळी ती गाडी राहत नाही, बर्फाची मूर्ती होते. आमचं गॅरेज वीस फूट खोल. पिकअप सव्वाएकोणीस फूट, सबर्बन पावणेएकोणीसच्या थोडी पुढे. मी टेप घेऊन आत गेलो, तर टेपचं टोक जिथे लागलं तिथे फ्रीज होता. दुसरा फ्रीज. त्यात खोवलेला नारळ, फ्रोझन भेंडी, आणि सासूबाईंनी मागच्या वर्षी करून दिलेली पुरणाची पाकिटं.

"फ्रीज हलणार नाही," मागून आवाज आला. मी काही बोललोही नव्हतो.

या काळात आनंदात होते ते फक्त अण्णा. बोटीच्या ट्रेलरचे ब्रेक सहसा विजेवर नसतात, कारण चाकं पाण्यात बुडतात. पुढच्या गाडीने ब्रेक दाबला की ट्रेलर मागून येऊन तिला ढकलतो, त्या ढकलण्यानेच दांड्यातलं तेल दाबलं जातं आणि ब्रेक लागतात ते ट्रेलरलाच. अण्णांनी हे माझ्याकडून दोनदा समजावून घेतलं. "मागचा पुढच्याला ढकलायला गेला की ब्रेक मागच्यालाच लागतो," ते म्हणाले. "आमच्या कारखान्याच्या संचालक मंडळात हे बसवायला पाहिजे होतं."

शेवटी सबर्बन घेतली. आठही जण एका गाडीत मावतात, हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण 'टेम्पो'. फ्रीज आता बैठकीच्या खोलीत, गणपतीच्या कोनाड्याशेजारी आहे.

जूनच्या शेवटच्या रविवारी मुहूर्त ठरला. शुक्रवारी मित्राच्या बायकोची ड्युटी बदलली आणि ते दोघं गळाले. शनिवारी मोठ्याची सॉकरची मॅच निघाली, त्याला सोडायला त्याची आई जाणार, आई गेली म्हणून धाकटा. रविवारी सकाळी पाच ताळी डबा भरून झाल्यावर माझी आई म्हणाली, "मला पाण्याची भीती वाटते. तुम्ही दोघं जाऊन या."

तर आठ सीटांच्या गाडीत 332 पौंडांचे आम्ही दोघं आणि एक डबा, असे मिनेटोंका तळ्याच्या उताराला लागलो. पुढे चार जण रांगेत होते. आमची पाळी आली आणि मला घाम फुटला. ट्रेलर मागे घेताना स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं की ट्रेलर डावीकडे जातो. हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरावा, म्हणजे हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जातो, हे मला पाठ होतं. ट्रेलरला नव्हतं. तिसऱ्या प्रयत्नात बोट आणि गाडी एकमेकांकडे काटकोनात बघायला लागली. अण्णा खाली उतरले, टोपी सारखी केली आणि मागे जाऊन उभे राहिले.

"येऊ दे... येऊ दे... डावीकडे मार... आता सोड... येऊ दे..." आणि मागच्या काचेवर दोन थापा. "बास!"

बोट पाण्यात अलगद तरंगली. रांगेतल्या कोणीतरी टाळ्या वाजवल्या.

मी गाडी लावून आलो तेव्हा अण्णा बोटीची दोरी धरून धक्क्यावर उभे होते. शेजारच्या पट्ट्यात एक विशीतला पोरगा पिकअप घेऊन आला, एका हाताने, दुसऱ्या हातात कॉफी, एका दमात मागे घेऊन बोट सोडली आणि निघूनही गेला. अण्णा त्या पिकअपकडे वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिले.

"टेम्पो झकास आहे रे," ते म्हणाले. "आपण हा का नाही घेतला?"