कार्टूनच तर आहे

मे महिन्यात नागपूरचा माणूस दिवसभर कुलरसमोर पडून असतो आणि दिवस बुडाला की त्याला कंठ फुटतो. आमच्या फ्लॅट स्कीममध्ये तो एकाच विषयावर फुटतो: पोट्ट्यांना सुट्ट्या लागल्या, आता यांचं करायचं काय? उत्तरही ठरलेलं असतं. ज्याच्याकडे प्रोजेक्टर आहे त्यानं बघून घ्यावं. प्रोजेक्टर माझ्याकडे आहे.

"भाऊ, एखादं कार्टून लावून द्या ना गच्चीवर," दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात म्हणाल्या. "कार्टूनच तर आहे, त्यात काय एवढं!"

मी 'द सिक्रेट ऑफ निम्ह' लावला. त्याचा मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून ठेवतो. पुढचं वाचून काहींचा गैरसमज होण्यासारखा आहे.

सिनेमा 1982 चा. डॉन ब्लूथ हा गृहस्थ डिस्नेत चित्रं हलवायचं काम करायचा. तिथलं काम पूर्वीच्या तोलाचं राहिलं नाही असं वाटून 1979 मध्ये त्यानं राजीनामा दिला, आणि जाताना आणखी चित्रकारही सोबत घेऊन गेला. आपल्याकडे नाटक कंपनी फुटायची तशी ती कंपनी फुटली. बाहेर पडल्यावर त्यानं काढलेला पहिला मोठा सिनेमा म्हणजे हा. शेवट गोड असला की लेकरं मधलं वाट्टेल ते पचवतात, असं ब्लूथचं मत. अमेरिकेच्या सेन्सॉरनंही त्याला 'जी' दर्जा दिला, म्हणजे लहानथोर सगळ्यांनी खुशाल पाहावा. यापेक्षा सज्जन सिनेमा मी आणणार तरी कुठून?

गोष्ट अशी. शेतात राहणारी एक उंदरीण आहे, मिसेस ब्रिस्बी. नवरा वारलेला. धाकटं पोरगं न्यूमोनियानं अंथरुणाला खिळलेलं. बाहेरची हवा लागली तर दगावेल. आणि शेतकरी नांगरणीला निघालेला. घर नेमकं नांगराच्या वाटेत. ही नुसती सुरुवात. भयंकर म्हणावं असं अजून काही घडलेलंच नाही.

संध्याकाळी पोट्ट्यांनी बादल्या भरभरून गच्चीवर पाणी मारलं. पहिल्या दोन-चार बादल्यांची स्लॅबनं नुसती वाफ केली, मग जरा पाय ठेवण्याजोगं झालं. चटया पडल्या. कुणी आलूबोंडे आणले, कुणी पन्ह्याची कॅन. पाण्याच्या टाकीला आमची जुनी चादर ताणून बांधली. तिला वरच्या अंगाला एक रफू आहे, त्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. सिनेमा इंग्रजीत, म्हणून सातवीतल्या एका पोरीनं धावतं समालोचन करायचं ठरलं, कारण तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीसकट वर आणलेलं होतं. आजी वडशाकडच्या. झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र बसून पाहण्यात हयात गेलेली. एका रात्रीत तीन खून, एक अग्निदिव्य आणि पहाटे मायलेकांची भेट, एवढं पाहिल्याशिवाय त्यांना नाटक पाहिल्यासारखं वाटत नाही. त्यांच्याबद्दल मला काळजी नव्हती.

"धुऱ्यावर न्याचं ना पोराले!" पाचव्या मिनिटाला आजींचा पहिला अभिप्राय आला. "बांधीच्या मंधात घर कोन बांधते?"

मग उंदरीण सल्ला मागायला घुबडाकडे जाते. आता ही जागा ब्लूथनं अशी काढली आहे की बोलायची सोय नाही. पोकळ झाड, आत जाळीच जाळी, खाली हाडं, आणि अंधारातून येणारा एक प्रचंड पाय, जो एका कोळ्याचा कचकन चेंदा करतो. मग ते डोळे. नेमका त्यातला एक डोळा आमच्या रफूवर आला. वाऱ्याची झुळूक आली, चादर फुगली आणि घुबडानं आमच्या स्कीमकडे बघून डोळा मारला. हे ब्लूथच्याही सिनेमात नाही.

पोट्टे गप्प. आवाज आला तो मोठ्यांचा. "माय वो!" करून वहिनींनी पोराचे डोळे झाकले, तर पोरगं त्यांच्या बोटांच्या फटीतून आरामात पाहून राहिलं होतं. वहिनींचे मालक उठले आणि "मोटर बंद केली का पाहून येतो" म्हणत खाली गेले. मोटर त्या दिवशी लावलेलीच नव्हती.

"पण घुबडानं उंदरीण खाल्ली काऊन नाही?" आजी.

"आजी, तिचा नवरा मोठा माणूस होता. त्याचं नाव ऐकून सोडलं त्यानं तिले," समालोचक.

"म्हंजे वशिला," आजी म्हणाल्या आणि पुढचा आलूबोंडा उचलला.

घुबडाच्या सांगण्यावरून ती गुलाबाच्या झुडपाखाली राहणाऱ्या उंदरांकडे जाते. या उंदरांना सरकारी प्रयोगशाळेत इंजेक्शनं टोचलेली, त्यानं त्यांची अक्कल वाढलेली, लिहिता-वाचता येऊ लागलं आणि ते पिंजरे उघडून पळाले. आता त्यांची जमिनीखाली वसाहत आहे, आणि तिथे झगझगीत दिवे आहेत. वीज कुठून? शेतकऱ्याच्या घरून चोरलेली.

इथे वीज मंडळातून रिटायर झालेले काका ताडकन उभे राहिले. त्यांची सावली घुबडापेक्षा मोठी पडली. "आकडा! आकडा टाकला ना यांनी!"

"काका, खाली बसा ना."

"अरे, पण कुठून टाकला ते तर दाखवा! न्यूट्रल कुठून घेतला?" पुढची काही मिनिटं काका कथेत नव्हते, लोड काढत होते. मग एक शहाणा उंदीर म्हणतो की असं चोरून जगणं बरं नव्हे, आपण दूर जाऊन स्वतःच्या कष्टावर राहू. तेव्हा काका पहिल्यांदा खुश झाले. "हा माणूस चांगला आहे," त्यांनी शेजारच्याला सांगितलं.

या चांगल्या माणसाचं पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं, म्हणून मी काकांकडे बघायचं टाळलं. उंदरीणीचं घर दोरखंडांनी उचलून सुरक्षित जागी न्यायचं असतं. रात्र, पाऊस, चिखल. घर अधांतरी लटकलेलं. दुष्ट उंदीर दोर कापतो, घर कोसळतं, ते थेट त्या शहाण्या म्हाताऱ्याच्या अंगावर. आणि त्याच क्षणी लाईन गेली.

अख्ख्या एरियाची. गच्चीवर काळामिट्ट अंधार. थोडा वेळ कुणाच्या तोंडून शब्द निघेना. मग सगळ्या माना काकांच्या दिशेनं वळल्या असाव्यात, कारण अंधारातून त्यांचा आवाज आला: "मी रिटायर झालो आहे."

लाईन येईपर्यंत म्हातारा मेला की वाचला यावर गच्चीवर दोन तट पडले. वाचला म्हणणारे सगळे मोठे होते. पोट्ट्यांना खात्री होती की मेला, आणि दुष्टालाही आता कोणीतरी मारणार. लाईन आली आणि दोन्ही खरं निघालं. घर पोरांसकट चिखलात बुडू लागलं तेव्हा आजींनी एवढंच म्हटलं, "मी सांगतलं होतं." शेवट गोड झाला, पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या, चटया गुंडाळल्या गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे घ्यायला खाली उतरलो तर वहिनी गेटपाशीच. "भाऊ, असं दाखवते का कोणी लेकरांना? रात्रभर झोप नाही आमच्या घरी."

चौकशी केली तर पोरगं ढाराढूर झोपलं होतं. जागे मालक होते. पोरगं पार्किंगमध्ये पोत्याचे पंख लावून घुबड झालं होतं आणि बाकीचे आपापल्या पाळीनं त्याच्याकडे सल्ला मागायला जात होते. उंदरीण व्हायला कोणी तयार नव्हतं. दुष्ट उंदीर व्हायला रांग होती, कारण त्याला पाठीत खंजीर बसून मरायला मिळतं.

मी वहिनींना मारबतीची आठवण करून दिली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच वहिनी याच पोराला खांद्यावर घेऊन महालात गर्दीत उभ्या असतात. काळी मारबत, पिवळी मारबत, दात विचकलेले दोन मजली पुतळे, "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" असा गलका, आणि शेवटी पुतळ्यांचं दहन. पोरगं टाळ्या पिटतं. बरं, रात्री झोपवताना गोष्ट कोणती? चिमणीनं कावळ्याला तापल्या तव्यावर बसवलं ती. याला 'जी' दर्जा कुणी दिला?

"ते वेगळं," वहिनी म्हणाल्या. "ते आपलं आहे." आणि पुढच्या श्वासाला: "याचा पुढचा भाग आहे का? थोडा गोड असेल तर लावा."

आहे ना! 1998 मध्ये निघाला, 'टिमी टू द रेस्क्यू'. थिएटरात नाहीच, थेट व्हिडिओवर. ब्लूथचा त्याच्याशी काही संबंध नाही. न्यूमोनियाचं पोरगं मोठं होऊन हिरो झालेलं, ऊठसूट गाणी, रंग बर्फगोळ्याचे. मागणी होती तस्सा. पुन्हा पाणी मारलं, पुन्हा चटया, चादर या वेळी दुसरी आणली.

तिसऱ्या गाण्याला मला गच्चीवरून घोरणं ऐकू आलं. वहिनी होत्या. पोट्टे चुळबुळायला लागले. "हे तर लहान पोरांचं आहे," नऊ वर्षांच्या एका गृहस्थानं जाहीर केलं आणि टाकीमागे लपाछपी सुरू झाली. समालोचक पोरगी मोबाईलमध्ये गेली. काकांना उंदरांच्या नव्या गावात आकडा कुठेच दिसेना. "मीटर घेतलं वाटते," असं म्हणून त्यांनी उरलेल्या सिनेमातला रस सोडून दिला. पण खऱ्या चिडल्या त्या आजी.

"माय कुठी हाय?"

"आजी, ती घरी आहे. आता तिच्या पोराची गोष्ट आहे."

"ज्या मायनं चिखलातून घर काढलं तिले घरी बसवलं? आन हा गाने गाऊन राहिला?" आजींनी खुर्ची खाली न्यायला लावली. झाडीपट्टीत असं झालं असतं तर पडदाच जाळला असता, असं त्या जिन्यातून उतरताना म्हणत होत्या.

रात्री सगळ्यांचं एकमत झालं की पहिलाच चांगला होता. घाबरलेले मालकसुद्धा म्हणाले, "घुबडाचं काम जबरदस्त होतं." त्यातला किती भाग त्यांनी पाहिला होता, हे मी विचारलं नाही. शेजाऱ्याशी संबंध ठेवायचे असतात.

तरी यापुढे सिनेमा आधी तपासायचा, असं ठरलंच. समितीत वहिनी, काका, आणि दुःखाच्या जाणकार म्हणून आजी. बैठक माझ्या हॉलमध्ये, दुपारी, माझ्याच कुलरसमोर, चहा माझा. मी 'बॅम्बी' लावला. 1942 चा, डिस्नेचा, हरणाच्या पाडसाचा. यावर कोण बोट ठेवणार? बर्फ, बंदुकीचा बार, पाडस आईला हाका मारतंय आणि आई नाही. काकांनी चष्मा काढला आणि कुलरच्या नव्या वूडवुलमधून कचरा उडतो, अशी तक्रार केली. वहिनींचा पदर डोळ्याला. आजी समाधानानं मान हलवत होत्या. त्यांना हवी तशी जागा निघाली होती.

समितीचा निर्णय: पहिला भाग फक्त मोठ्यांसाठी. पोट्ट्यांना दुसरा चालेल, असला तर.

"आहे," मी म्हणालो. "2006 चा. आई गेल्यावर बाप त्या पाडसाला कसं वाढवतो, एवढीच गोष्ट."

वहिनींनी डोळे पुसता पुसता बोटांवर हिशोब केला आणि दारात उभ्या असलेल्या मालकांकडे वळल्या. "ऐकलं का? 1942 ला माय मेली अन् 2006 ला बाप लेकरू सांभाळायला लागला. चौसष्ट वर्षं!"

"तुमच्या कुलरमधलं पाणी संपलं वाटते, भाऊ," मालक म्हणाले आणि बादली घेऊन निघाले.