मिनी भारीच, पण माझं मत ऑस्टिन सेव्हनला

जुन्या ब्रिटिश गाड्यांचा विषय निघाला की सगळे मिनीवर येऊन थांबतात. मिनी मलाही आवडते हो, पण तिच्या 37 वर्षं आधी आलेल्या ऑस्टिन सेव्हनचं नाव कुणी काढतच नाही, याचा जाम वैताग येतो.

1921 साल, सेव्हन बाजारात यायच्या वर्षभर आधीची गोष्ट. हर्बर्ट ऑस्टिनची कंपनी कर्जात, डायरेक्टर मंडळी छोट्या गाडीला नको म्हणतायत, तर या बाबाने स्टॅनली एज नावाच्या 18 वर्षांच्या ड्राफ्ट्समनला घरी बोलावलं आणि बिलियर्ड्स रूममध्ये बसून दोघांनी गाडी डिझाइन केली. चार सिलिंडर, आधी 696 आणि मग लगेच 747 सीसी. ब्रिटनमध्ये तेव्हा टॅक्स हॉर्सपॉवरवर होता, एका हॉर्सपॉवरला एक पौंड, म्हणजे इंजिन जितकं छोटं तितका खर्च कमी. तोवर साधा माणूस मोटरसायकलला साइडकार जोडून बायकोपोरांना पावसात भिजवत न्यायचा, त्याला पहिल्यांदा खरी चारचाकी परवडली. आता ब्रेक म्हणाल तर आनंदच, सुरुवातीच्या गाड्यांना पुढचे हाताने आणि मागचे पायाने लावायचे! क्लचही एकतर लागलेला नाहीतर सुटलेला, अधलंमधलं काही नाही. तरी 1939 पर्यंत जवळपास 2 लाख 90 हजार गाड्या बनल्या आणि साहेबांनी प्रत्येक गाडीमागे दोन गिनी (दोन पौंडांहून थोडं जास्त) रॉयल्टी घेतली ती वेगळीच.

मिनी म्हणजे सुएझ कालव्याच्या संकटाचं लेकरू. 1956 ला कालव्यावरच्या भांडणात तेल अडलं, ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग आलं आणि बीएमसीने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, ऑस्टिन तोवर हिच्यातच सामील झाली होती) अ‍ॅलेक इसिगोनिस या इंजिनिअरला छोटी गाडी करायला सांगितली. त्याने इंजिन आडवं टाकलं, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, 10 इंची चाकं पार कोपऱ्यांत, आणि तीन मीटरच्या गाडीत चार मोठी माणसं बसवली. कमाल डोकं! आडवं इंजिन आणि पुढच्या चाकांना ड्राइव्ह, आपली मारुती 800 सुद्धा त्याच वाटेची. शिवाय माँटे कार्लो रॅली 1964, 65, 67 ला जिंकली, 66 ला हेडलाइटच्या वादात बाद केलं नसतं तर तीही होती. पण सुरुवातीच्या गाड्यांत पाऊस आत यायचा आणि 496 पौंडांच्या किमतीत कंपनीच्या हाती फारसं काही लागत नव्हतं, हे फॅन लोक सांगत नाहीत.

आणि सेव्हनमधून काय काय निघालं ते बघा ना. बीएमडब्ल्यूची पहिली कार म्हणजे लायसन्सवर बनवलेली सेव्हनच, जॅग्वारवाल्या विल्यम लायन्सने तिच्यावर बॉडी चढवून कारच्या धंद्यात पाय रोवले, लोटसवाल्या कॉलिन चॅपमनची पहिली गाडी तिच्यावरच बांधलेली. खुद्द इसिगोनिस तरुणपणी सेव्हन घेऊन रेस करायचा! 1959 ला ऑस्टिनने मिनी विकायला काढली तीसुद्धा ‘ऑस्टिन सेव्हन’ नावानेच, ‘ऑस्टिन मिनी’ नाव 1962 ला आलं.

हां, रोज चालवायला दिली तर मिनीच घेईन, खोटं कशाला बोलू. हाताने ब्रेक लावत ट्रॅफिकमध्ये कोण जाणार?