नाव नंतर सांगू

गेल्या रविवारी गंगापूर रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात, चुलत मेव्हणीच्या साखरपुड्याच्या पंगतीत, मठ्ठ्याचे भांडे घेऊन फिरणारे एक अनोळखी गृहस्थ माझ्या पानापाशी थांबले आणि आवाज मुद्दाम खाली आणून म्हणाले, "पाहुणे, तुमचा पण माल घेऊन व्यापारी पळाला म्हणे? अमेरिकेतला?" मी नकारार्थी मान हलवेपर्यंत डावीकडच्या पानावरून "किती टन होता?" अशी चौकशी झाली, आणि उजवीकडच्या काकांनी, पिंपळगाव पोलीस ठाण्यात त्यांच्या ओळखीचा एक हवालदार असून तो अशा प्रकरणांत फार कामाचा असल्याचे सांगून, खिशातून मोबाइलही बाहेर काढला. माझा माल म्हणजे संगणकाने तयार केलेला, प्रत्यक्षात जन्मालाच न आलेला एक डावखुरा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, होता, हे जिलेबीच्या दुसऱ्या वाढपात कोणाला आणि कसे समजावणार? मी "चौकशी चालू आहे" एवढेच म्हणालो आणि त्या क्षणापासून समस्त निफाड तालुक्याच्या सहानुभूतीचा धनी झालो.

इंटरनेटवर बेसबॉलचा संघ चालवण्याचा एक खेळ आहे. त्यात चेंडू दिसत नाही आणि बॅटही दिसत नाही. दिसतात ते फक्त आकडे. देशोदेशीचे तीस लोक एकेका संघाचे व्यवस्थापक होतात, प्रत्येकाने आपापली फळी, पिचरांचा क्रम आणि देवघेव ठरवून पाठवायची असते, आणि मग लीगचा आयुक्त ठरलेल्या रात्री एक कळ दाबून आठवड्याभराचे सामने काही मिनिटांत उरकतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्रीचे दहा वाजतात, तेव्हा उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेसात झालेले असतात. त्यामुळे माझे पराभव मला नियमाने चहाबरोबर मिळतात. आधीच्या व्यवस्थापकाने कंटाळून सोडून दिलेला संघ माझ्या वाट्याला आला, आणि गेल्या हंगामात १६२ सामन्यांपैकी ५१ जिंकून तो सर्वांत तळाशी राहिला.

अशा संघाच्या पुनर्बांधणीची रीत ठरलेली आहे. आज जो चांगला खेळतो तो विकायचा आणि त्याच्या बदल्यात पुढेमागे चांगली खेळतील अशी पोरे घ्यायची. खऱ्या बेसबॉलमध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज हा संघ याच मार्गाने गेला. २०११ मध्ये १०६, २०१२ मध्ये १०७ आणि २०१३ मध्ये १११ सामने हरला आणि २०१७ मध्ये विजेता ठरला. हे सगळे मला पाठ होते. माझ्याकडे विकण्याजोगा एकच खेळाडू होता, तो म्हणजे हा डावखुरा. आणि नेमक्या त्याच आठवड्यात माझे सासरे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेण्यासाठी आमच्याकडे राहायला आले.

मामा निफाड तालुक्यातले द्राक्ष बागायतदार आहेत. एप्रिलची खरड छाटणी उरकून ते आले होते, म्हणजे हातांना काम नव्हते, आणि डोळ्यांवर काळा चश्मा होता. डॉक्टरांनी सांगितलेली पथ्ये सासूबाईंनी स्वतःच्या अधिकारात वाढवून टीव्ही आणि मोबाइल दोन्ही बंद केले होते. पहाटे पाचला उठणाऱ्या माणसाने साडेसातपर्यंत करायचे तरी काय? ते माझ्या संगणकाशेजारी खुर्ची ओढून बसत, भिंतीकडे तोंड करून चहा पीत आणि म्हणत, "वाचा."

मी वाचू लागलो. पहिल्या दिवशी खेळाडूंच्या गुणांवरच गाडी अडली. बेसबॉलमध्ये खेळाडू पारखणारे लोक गुण देतात ते २० ते ८० या मापाने. ५० म्हणजे साधारण, ८० म्हणजे अलौकिक.

"शंभर का नाही?" मामांनी विचारले.

"पद्धतच तशी आहे, मामा."

"बरं. पण मग ज्याला काहीच येत नाही, त्याला वीस कशाबद्दल?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. नंतर दोन दिवस, माझ्या एखाद्या फलंदाजाचे नाव निघाले की मामा "त्याचे फुकटचे वीस वजा करून सांगा" असे म्हणत, आणि त्या हिशेबाने माझा संघ मूळ होता त्याहूनही केविलवाणा दिसू लागला.

एका सकाळी त्यांच्यापुढे माझी बाजू सावरावी म्हणून मी बिल जेम्स यांचे सूत्र काढले. हे गृहस्थ कॅन्ससमध्ये डबाबंद अन्नाच्या एका कारखान्यात रात्रपाळीला पहारेकरी होते. त्यांनी १९७७ मध्ये बेसबॉलच्या आकडेवारीची पहिली पुस्तिका स्वखर्चाने छापली आणि पुढे सगळ्या खेळाची विचार करण्याची रीतच बदलून टाकली. त्यांच्या सूत्राप्रमाणे संघाने काढलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला काढलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे, की त्या संघाने किती सामने जिंकायला हवे होते ते कळते. माझ्या संघाने ६०० धावा काढल्या होत्या आणि ८०० दिल्या होत्या. म्हणजे शेकडा ३६. म्हणजे १६२ पैकी ५८ विजय. "मामा, आम्ही जिंकलो ५१. सात सामने निव्वळ नशिबाने गेले."

मामांनी कप खाली ठेवला. "तो माणूस रात्री पहाऱ्यावर असायचा ना?"

"हो."

"आणि पहाऱ्याच्या वेळी हे असले हिशेब करायचा?"

"तसे म्हणा हवे तर."

"मग कारखान्यात चोरी झाली असती तर भरून कोणी दिली असती?"

बेसबॉलच्या इतिहासातल्या एवढ्या मोठ्या माणसाविषयी ही एकच शंका विचारली गेली असावी आणि ती आमच्या इंदिरानगरच्या घरात विचारली गेली. माझे सात सामने मात्र मामांनी विचारातही घेतले नाहीत. गारपिटीने गेलेली बाग पाहिलेल्या माणसापुढे नशिबाचे गाऱ्हाणे सांगायला जाऊ नये, हे मला आधीच कळायला कोणाची हरकत नव्हती. परंतु ते सात सामने अन्यायानेच गेले होते, हे मी आजही म्हणेन.

पुनर्बांधणीची कल्पना मात्र त्यांना चटकन पटली. मालाने भरलेला वेल कोणालाही आवडतो, पण काढणी संपली की त्याच्या सगळ्या काड्या छाटून तो बोडका करावा लागतो, तेव्हा कुठे पुढच्या हंगामाची घडधारणा होते, आणि तोवर येणारा-जाणारा बांधावरून बाग पाहून हळहळतो. "म्हणजे तुमची ही खरड छाटणी झाली," मामा म्हणाले. मला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी समजून घेतल्यासारखे वाटले, आणि त्या भरात मी त्यांना अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या व्यवस्थापकाचा प्रस्ताव वाचून दाखवला: डावखुऱ्याच्या बदल्यात एकोणीस वर्षांचा एक शॉर्टस्टॉप, म्हणजे मोक्याच्या जागेवरचा क्षेत्ररक्षक, वीस वर्षांचा एक पिचर आणि तिसरा एक खेळाडू, ज्याचे नाव नंतर सांगण्यात येईल.

"थांबा," मामा म्हणाले. "तिसरा कोण?"

"त्याचे नाव नंतर सांगणार."

"कोण सांगणार?"

"ओहायोवाला."

"कधी?"

"खऱ्या बेसबॉलमध्ये सहा महिन्यांच्या आत सांगावे लागते. आमच्याकडे हंगाम संपेपर्यंतची मुदत आहे."

"आणि तुमचा डावखुरा त्याच्याकडे कधी जाणार?"

"आज रात्री."

काळ्या चश्म्याआडून त्या डोळ्यांत काय उमटले ते मला दिसले नाही, पण त्यांनी बशी बाजूला सारली आणि खुर्ची माझ्याकडे वळवली. "जावईबापू, ही उधारी झाली." मी समजावले, की ही शंभर वर्षांहून जुनी आणि सर्वमान्य पद्धत आहे, तिची आयुक्तांकडे रीतसर नोंद होते, मोठमोठे व्यवहार अशाच रीतीने होतात. "आमच्याकडेही सगळं रीतसरच असतं," मामा म्हणाले. "गाडी भरताना कच्ची चिठ्ठी रीतसर, पंधरा दिवसांनी चेक रीतसर, आणि तो वटत नाही तोही रीतसर. हा ओहायो राहतो कुठं? घर पाहिलंय कोणी त्याचं? जामीन कोण आहे?"

वातावरण हलके करण्यासाठी मी त्यांना हॅरी चिटीची गोष्ट सांगितली. १९६२ मध्ये न्यूयॉर्क मेट्सने क्लीव्हलंडकडून या चिटी नावाच्या कॅचरला, म्हणजे आपल्याकडच्या यष्टिरक्षकासारख्या खेळाडूला, घेतले आणि बदल्यात नाव नंतर सांगण्याच्या बोलीवर एक खेळाडू देऊ केला. काही आठवड्यांनी त्या बोलीपोटी मेट्सने क्लीव्हलंडला जो खेळाडू पाठवला तो खुद्द हॅरी चिटीच होता. त्या हंगामात मेट्सचा संघ १२० सामने हरला. ही गोष्ट ऐकून आजवर प्रत्येकजण हसला आहे. मामा हसले नाहीत. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि म्हणाले, "वापरून झालेला का होईना, माल परत आला ना? मग ती सज्जन माणसं होती. तुमचा हा ओहायो तसा वाटत नाही."

मी व्यवहार केला. कारण आकडे सांगत होते, की तो करण्यासारखाच होता. त्या दोन पोरांचे गुण पाहून कोणीही केला असता. पुढे तीन आठवडे डावखुरा ओहायोवाल्यासाठी सामने जिंकत राहिला, आणि मग एका सकाळी आयुक्तांचा निरोप आला, की सदर व्यवस्थापकाने वैयक्तिक कारणास्तव लीग सोडली आहे. तिसऱ्या खेळाडूचे काय, असे मी लगेच विचारले. उत्तर आले, की ती बोली दोन व्यवस्थापकांमधली होती, त्यांपैकी एक आता राहिलेला नाही, आणि संघ नव्या माणसाकडे कोऱ्या पाटीने सोपवण्याचा लीगचा नियम आहे. खाली एक हसरा चेहरा होता. मला त्या नियमाचा जितका राग आला त्याहून अधिक राग त्या हसऱ्या चेहऱ्याचा आला. पाटी कोरी होताना डावखुरा मात्र त्या पाटीवर तसाच राहिला. पुसले गेले ते फक्त माझे येणे. वार्षिक वर्गणी भरून, पहाटे उठून, फळ्या लावून जो माणूस इमानाने तळाशी राहतो, त्याला नियम दाखवायचा, आणि जो न सांगता निघून जातो त्याच्या वैयक्तिक कारणांचा आदर करायचा, हा न्याय कोणता?

हे मी मामांना सांगणार नव्हतो, परंतु साडेसात वाजले होते आणि ते "वाचा" म्हणाले.

ऐकून त्यांनी मला दोष दिला नाही. माझी अपेक्षा होती, की ते "मी सांगितलं होतं" म्हणतील, आणि त्यावर माझे उत्तरही तयार होते. ते म्हणाले, की दोन वर्षांमागे बाहेरून आलेल्या एका व्यापाऱ्याने त्यांचीही बाग अशीच उधारीवर काढून नेली होती. त्याचे पैसे अजून आलेले नाहीत, त्या चेकची झेरॉक्स घरी फ्रेमच्या मागे ठेवली आहे, आणि हे त्यांनी गावात कोणालाही सांगितलेले नाही, कारण फसलेल्या माणसाला लोक फार सल्ले देतात. मला त्यांच्याविषयी खरोखर वाईट वाटले. त्यानंतर ते गावी गेले आणि माझी गोष्ट मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितली. स्वतःचा चेक फ्रेमच्या मागे आणि जावयाचा डावखुरा चावडीवर, ही वाटणी मला अजून पचलेली नाही.

हंगाम संपला तो तळाशीच. तळाशी राहिलेल्याला निदान ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या कार्यक्रमात, पहिली निवड मिळावी, अशी पुनर्बांधणी करणाऱ्याची आशा असते. त्या आशेवरच माणूस हरत राहतो. पण खऱ्या बेसबॉलमध्ये डिसेंबर २०२२ पासून या निवडीसाठी सोडत काढतात आणि सर्वांत वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता प्रत्येकी १६.५ टक्केच असते, म्हणजे कोणी मुद्दाम हरू नये. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स १२१ सामने हरले, तरी महसुलाचा वाटा इतरांना द्यावा लागणाऱ्या श्रीमंत संघांना सलग दुसऱ्या वर्षी सोडतीत बसता येत नाही या नियमामुळे त्यांना २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहावी निवड मिळाली. आमच्या आयुक्तांनी सोडतीचा नियम मोठ्या कौतुकाने आमच्याकडेही आणला आहे. माझी चिठ्ठी पाचवी निघाली. मुद्दाम हरणारे आणि मनापासून हरणारे यांच्यात फरक करण्याची काही सोय लीगने ठेवायला हवी, असे मी लेखी कळवले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

मामांचे डोळे आता उत्तम झाले आहेत आणि मोबाइल परत मिळाला आहे. सामने झाले, की सकाळी साडेसातला त्यांचा फोन येतो. माझा संघ जिंकला की हरला हे ते विचारत नाहीत, ते विचारतात, "आपला डावखुरा काय करतो?" आणि मला, नव्या हंगामात दुसऱ्याच्या फळीत राहून त्याने किती बॅटर बाद केले, किती धावा दिल्या, हे सगळे वाचून दाखवावे लागते. परवा त्याने नऊ इनिंग्जमध्ये आमच्याविरुद्ध एकही धाव दिली नाही. मामांना एवढा आनंद झाला, की त्यांनी फोन तसाच हातात धरून सासूबाईंना हाक मारली. "माल एक नंबरचाच होता हो," ते मला म्हणाले. "माल एक नंबरचा होता." मी म्हटले, मामा, तो आमच्याविरुद्ध खेळत होता. ते म्हणाले, "ते असू द्या. तुम्ही पुढचं वाचा."